टोकदार गिटार, फ्लॉइड रोज आणि एकच बजेट: सोलापुरातलं एक प्रकरण

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घर पूर्व भागात, वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारे कारागीर. शाळेत असल्यापासून माझ्याकडे गिटार शिकतो. आजवर स्ट्रॅट पद्धतीची एक साधी गिटार वापरत होता. तिचा बार, म्हणजे ब्रिजला (तारांची खालची टोकं धरणाऱ्या भागाला) जोडलेला सूर खालीवर करायचा दांडा, एकदा दाबला की सूर परत जागेवर येत नसे, म्हणून बार काढून कपाटात ठेवलेला. कॉलेजात चौघांचा बँड झाला, गॅदरिंगला हेवी मेटल वाजवायचं ठरलं आणि नवी गिटार घ्यायचा विषय निघाला. मागणी स्पष्ट होती: अंग टोकदार हवं, शक्यतो व्ही आकाराचं, आणि त्यावर फ्लॉइड रोज ट्रेमोलो (बारनं हलणारा, तारा जखडून ठेवणारा ब्रिज) हवा. बजेट बॅग, तारा, सेटअप सगळं धरून पन्नास हजारांच्या आत. निम्मे पैसे त्यानं शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले, निम्मे वडील देणार होते.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण असाच प्रश्न घेऊन बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरहूनही मुलं विचारत असतात. त्यांना बहुतेक वेळा मिळणारं उत्तर, "नवशिक्यानं फ्लॉइडच्या भानगडीत पडू नये", मला पुरेसं वाटत नाही. आकाराच्या हौसेला नाक मुरडणंही मला पटत नाही. जी गिटार बघून हात शिवशिवतात ती रोज हातात घेतली जाते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या रियाजाला याहून मोठं कारण लागत नाही. फक्त आकार आणि ट्रेमोलो या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, आणि त्यात ट्रेमोलो आधी.

म्हणून गिटारचं नाव काढायच्या आधी त्याच्याकडून बँडच्या गाण्यांची यादी मागितली आणि प्रत्येकापुढे ट्युनिंग लिहायला सांगितलं. निम्मी गाणी ई स्टँडर्डमध्ये, म्हणजे नेहमीच्या ट्युनिंगमध्ये, उरलेली ड्रॉप डीमध्ये, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवून. गिटार एकच. सगळी अडचण या एका कागदात होती.

फ्लॉइड रोज यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात हा ब्रिज घडवला. त्याआधी, 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरपासून चालत आलेल्या ट्रेमोलोत बार दाबला की तार नटच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत आणि खुंटीच्या वेढ्यांत सरकायची आणि सूर हलायचा. रोज यांनी तार दोन्ही टोकांना जखडली. वर नटवर तीन लोखंडी फट्ट्या, एकेकीखाली दोन तारा, अ‍ॅलन की लावून आवळायच्या. खाली ब्रिजच्या सॅडलमध्ये, तारेच्या टोकाचा गोळा कापून टाकून, तार चिमट्यात धरायची. तारेला सरकायला जागाच उरली नाही. बार पार खाली दाबून तारा लोंबेपर्यंत सैल केल्या तरी सोडताच सूर जागच्या जागी. नट जखडला की वरच्या खुंट्या निकामी होतात, म्हणून पुढे ब्रिजवरच सूर बारीक जुळवायचे स्क्रू, फाइन ट्यूनर, आले.

इथवर सगळं छान. घोळ पुढे आहे. हा ब्रिज दोन खुंटांवर धारेनं टेकलेला असतो आणि हवेत तरंगतो. वरून तारा त्याला नेककडे ओढतात, मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा उलट खेचतात. दोन्ही ओढ सारखी झाली की ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर उभा राहतो. आकड्यांत बघा. साडेपंचवीस इंच स्केलच्या (नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर 9 ते 42 जाडीचा (माप इंचाच्या हजाराव्या भागात) संच ई स्टँडर्डमध्ये लावला तर सहा तारांचा मिळून ओढा सुमारे 38 किलो होतो. 10 ते 46 लावला तर सुमारे 47. म्हणजे नुसती तारांची जाडी एक पायरी बदलली की स्प्रिंगांना आणखी नऊएक किलो पेलावे लागतात. नाहीतर ब्रिज पुढे कलतो, अ‍ॅक्शन (तारांची नेकपासूनची उंची) वर जाते आणि गिटार वाजवण्याजोगी राहत नाही.

आता ड्रॉप डी. सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवली की तिचा ओढा साधारण दीड किलोनं घटतो. दीड किलो म्हणजे फार नव्हे, पण तरंगत्या ब्रिजला तेवढं पुरतं. स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या पाचही तारा चढ्या होतात. त्या उतरवाव्या तर जाड तार पुन्हा हलते. शिवाय नट जखडलेला. फाइन ट्यूनरची धाव एवढी नसते की ई चा डी भरवशानं होईल, त्यामुळे फट्टी उघडायची, खुंटी फिरवायची, सहाही तारा दोन-तीनदा फिरून जुळवायच्या आणि पुन्हा आवळायचं. दोन गाण्यांमध्ये स्टेजवर हे होत नाही. घरी निवांत केलं तरी पंधरा-वीस मिनिटं जातात.

हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, मग बार नसलेली घेऊ का? पण मग ती गाणी वाजवणार कशी मी?" त्याचं म्हणणं खरं होतं. त्यांच्या यादीतल्या चार गाण्यांच्या सोलोमध्ये बार खाली दाबून स्वर खोल नेणं हाच मुख्य अलंकार होता. मी त्याला तेच सोलो पुन्हा नीट ऐकायला लावले, फक्त एक गोष्ट टिपायला सांगून: बार खाली किती वेळा जातो आणि वर ओढून सूर चढवला कुठे जातो. दुसऱ्या दिवशी आला तो उत्तर घेऊनच. वर ओढणं फक्त एका ठिकाणी होतं, आणि तिथे बोटानं तार ताणून, बेंड करूनही भागत होतं. म्हणजे याला फ्लॉइड हवा होता, तरंगता फ्लॉइड नको होता. माझ्या मते या प्रकरणाचा निकाल इथेच लागला. पुढचं सगळं अंमलबजावणीचं.

आकाराकडे वळू.

टोकदार गिटारींची सुरुवात मेटलच्या कितीतरी आधीची. गिब्सननं 1958 मध्ये कोरिना लाकडाच्या फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर बाजारात आणल्या, त्या चालल्या नाहीत आणि लवकरच थांबल्या. पण ब्लूज वाजवणाऱ्या अल्बर्ट किंगनं व्ही उचलली, 1967 मध्ये गिब्सननं ती पुन्हा काढली, आणि मग हेंड्रिक्सनंही उचलली. मेटलला आज ओळखीची असलेली निमुळती, एक पंख लांब, एक आखूड अशी व्ही ऑझी ऑस्बॉर्नच्या बँडमधल्या रँडी ऱ्होड्सनं गिटार बनवणाऱ्या ग्रोव्हर जॅक्सनकडून बनवून घेतली, 1980-81 च्या सुमारास. एवढा वेगळा आकार आपल्या शार्वेल कंपनीच्या नावाखाली नको म्हणून जॅक्सननं तिच्यावर स्वतःचं आडनाव घातलं, आणि तोच पुढे ब्रँड झाला. ऱ्होड्स मार्च 1982 मध्ये विमान अपघातात गेला, पंचविशीत. त्याची गिटार मात्र आजही त्याच्या नावानं निघते. एक्सप्लोररचा आकार आणखी टोकदार करून जॅक्सननं 'केली' नावाची गिटार काढली, जी मेगाडेथ बँडच्या मार्टी फ्रीडमनच्या हातात जगानं पाहिली. डीनची एमएल, बी. सी. रिचच्या वॉरलॉक आणि मॉकिंगबर्ड ही याच कुळातली.

आमच्यापुढे खऱ्या अर्थानं दोनच कूळ उरली होती: ऱ्होड्स किंवा किंग व्ही (जॅक्सनचीच दुसरी व्ही) पद्धतीची व्ही, आणि केली. दोन्ही जॅक्सनच्या स्वस्त जेएस मालिकेत मिळतात. तिथे एक बारकावा आहे. जेएस 32 म्हटलं तर लायसन्स्ड, म्हणजे परवान्यानं बनवलेला स्वस्त फ्लॉइड असतो, आणि त्याच्यापुढे टी लागला की स्थिर ब्रिज, तारा अंगातून आरपार. ऑनलाइन मागवताना या एका अक्षराकडे दुर्लक्ष झालं तर वेगळीच गिटार घरी येते.

सोलापुरातल्या वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, तबला, ढोलकी, अकूस्टिक गिटार भरपूर. फ्लॉइड बसवलेली टोकदार गिटार हाताळायला मिळणं अवघड. फोटो बघून मागवू नको, असं मी त्याला बजावलं होतं, कारण आकार अंगाला लागतो की नाही हे फोटोत दिसत नाही. म्हणून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून आम्ही दोघं पुण्याला गेलो.

दुकानात त्यानं आधी व्ही उचलली, उभ्यानं पट्टा लावून. चेहराच बदलला त्याचा. आणि खरंच, शेवटच्या फ्रेटपर्यंत हात पोहोचण्याच्या बाबतीत व्हीला तोड नाही. नेकच्या मुळाशी लाकूड आडवं येतच नाही, चोविसाव्या फ्रेटला तळहात मोकळा राहतो. मग मी त्याला खाली फरशीवर मांडी घालून बसायला सांगितलं. दुकानदार बघत राहिला. पण हा मुलगा घरी रोज रात्री मांडी घालूनच वाजवतो. दोन खोल्यांच्या घरात खुर्ची मांडायला जागा नाही आणि बाकीचे झोपलेले असतात. मांडीवर व्ही ठरेना. खुर्चीत बसून व्हीचा एक पंख दोन पायांच्या मध्ये घेतला की ती पक्की बसते, अनेक वादक तसंच वाजवतात. मांडी घातल्यावर खालचा पंख फरशीला टेकतो, नेक वर उचलला जातो, आणि डाव्या हाताला वाजवण्याऐवजी गिटार धरून ठेवायचं काम लागतं. त्यानं तीन-चार प्रकारे बसून पाहिलं. शेवटी स्वतःच म्हणाला, "हे रोज नाही जमणार, सर."

मग केली. कमरेकडचा भाग उजव्या मांडीवर नीट बसला, पुढचं टोक गुडघ्याच्या पलीकडे गेलं, नेक आपोआप तिरपा राहिला. मागचं वरचं टोक उजव्या कोपराखाली येतं, त्याची धार हाताला लागते. लांब बाह्यांचा शर्ट घातला की लागत नाही. उभ्यानं पट्टा लावून हात सोडून पाहिलं. काही टोकदार गिटारींचं डोकं खाली झुकतं, कारण अंगाचं लाकूड कापून कमी केलेलं असतं आणि पट्ट्याचं बटण चुकीच्या जागी येतं. हिचं डोकं जवळपास जागेवर राहिलं.

याच वेळी एक दुसरा प्रस्ताव आला. ओळखीतल्या कुणाकडे स्थिर ब्रिजची जुनी व्ही निम्म्या भावात होती आणि "आमचा सुतार फ्लॉइडसाठी खाच पाडून देईल" असं आश्वासन सोबत. मी स्पष्ट नको म्हटलं. फ्लॉइडच्या दोन खुंटांमधलं अंतर 74.3 मिलिमीटर असतं आणि ती रेषा स्केलच्या हिशेबानं नेमकी पडावी लागते. केसभर तिरकी गेली तर ब्रिज धारेवर मोकळा फिरत नाही. त्यातून उंच ब्रिजच्या गिटारीत नेक मागे कललेला असतो, तिथे बसका फ्लॉइड लावला की तारांची उंचीच जुळत नाही. फर्निचरचा कारागीर कितीही कसबी असला तरी हे काम त्याचं नव्हे. स्थिर ब्रिजच्याच खुंटांवर बसणारा, लाकूड न कापता लावता येणारा एफआरएक्स नावाचा फ्लॉइड निघालाय, पण तो आरपार तारांच्या गिटारीला उपयोगी नाही, आणि त्याचे पैसे वेगळे.

केली घ्यायची ठरल्यावर ब्रिज तपासला. लायसन्स्ड फ्लॉइडमध्ये स्वस्तपणा पहिल्यांदा धारेत जाणवतो. जिथे ब्रिज खुंटाला टेकतो ती धार मऊ धातूची असेल तर काही महिन्यांत बोथट होते आणि सूर परतणं संपतं. तपासायची रीत सोपी आहे: ट्यूनर लावायचा, बार पूर्ण दाबून सोडायचा, सूर बघायचा; मग बार वर ओढून सोडायचा, पुन्हा बघायचा. दोन्ही वेळा काटा एकाच जागी आला तर धार चांगली. दाबल्यावर एक आणि ओढल्यावर दुसरा सूर आला तर ती गिटार परत ठेवायची. दुकानात दोन केली होत्या. पहिलीत थोडा फरक पडत होता, दुसरीत काटा हलला नाही. दुसरी घेतली. रंग पहिलीचा जास्त आवडला होता त्याला. तेवढं सोडलं त्यानं.

बॅगेचा प्रश्न सोलापुरात सुटला. टोकदार गिटार साध्या बॅगेत जात नाही आणि आकाराची केस बजेट खाते. रिक्षाचे हूड शिवणाऱ्या कारागिराकडे गिटार नेऊन पाठकोऱ्या कागदावर आकार काढून दिला. त्यानं जाड रेक्झिन आणि आत फोम घालून दोन दिवसांत बॅग शिवली. टोकांपाशी दुहेरी थर घालायला सांगितला, कारण पहिला धक्का तिथेच बसतो.

सेटअप त्यांच्या घरीच केला, मुद्दाम वडिलांच्या समोर. पैसे त्यांचेही होते आणि हे यंत्र काय आहे हे त्यांनी बघावं असं मला वाटत होतं. मागचं झाकण काढलं. पोकळीत तीन स्प्रिंगा, एका पंजाला अडकवलेल्या, पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात. तारा 9 च्या काढून 10 च्या लावल्या, कारण ड्रॉप डीमध्ये पातळ संचातली जाड तार लोंबकळते. ब्रिज लगेच पुढे उठला. वडील वाकून बघत होते. म्हणाले, "सुताचा काउंट बदलला की बीमचं वजन बदलावं लागतं, तसंच की हे." मला हे समजावून सांगायला नेहमी बराच वेळ लागतो. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि पंजाचे स्क्रू दोन्हीकडून सारखे, पाव-पाव फेरा आवळत गेले. जॉबरचा हात तो. एकाही फेऱ्याला घाई नाही.

मग मुख्य काम. ब्रिजच्या खाली जो धातूचा ठोकळा पोकळीत उतरतो, तो बार दाबला की गिटारच्या बुडाकडे सरकतो आणि वर ओढला की नेककडे. आपल्याला वर ओढणं बंद करायचं होतं. म्हणून ठोकळा आणि नेककडची भिंत यांच्यामध्ये सागवानाची पट्टी बसवली. जाडी जमेपर्यंत सँडपेपरवर घासत गेलो, ब्रिज अंगाला समांतर असताना पट्टी नेमकी टेकेल एवढी. नंतर आणखी एक स्प्रिंग वाढवून पंजा जरा जास्तच आवळला, म्हणजे ठोकळा पट्टीवर दाबून बसेल. आता तार उतरवली, अगदी तुटली तरी ब्रिज मागे जात नाही, बाकीच्या तारा बेसूर होत नाहीत. बार खाली मात्र पूर्वीसारखाच जातो, थोडा कडक लागतो इतकंच.

नटवरची जाड दोन तारांची फट्टी सैल ठेवली. त्यामुळे ई ची खुंटी मोकळी राहिली आणि ड्रॉप डी नुसत्या खुंटीनं काही सेकंदांत होतो. याची किंमत आहे: बार पार खाली नेऊन सोडला की ती जाड तार कधीकधी किंचित चढी परतते. सोलो बारीक तारांवर असतात, त्या जखडलेल्याच आहेत, म्हणून हे चालवून घेतलं. डी-ट्यूना नावाचा छोटा भाग ब्रिजला लावला तर खटका ओढून ई चा डी होतो आणि फट्टीही आवळता येते. तो न तरंगणाऱ्या ब्रिजवरच नीट चालतो, म्हणजे आमच्या मांडणीला जुळणारा. पण प्रत्येक लायसन्स्ड ब्रिजच्या स्क्रूला तो बसत नाही, आणि खाचेत बसवलेल्या ब्रिजमागे खटका ओढायला जागा लागते. माप घेतल्याशिवाय पैसे घालू नको, असं सांगून ठेवलंय.

गॅदरिंग हुतात्मा स्मृती मंदिरात झालं. गाण्यांचा क्रम आधीच लावून घेतला होता: ई स्टँडर्डची गाणी आधी, ड्रॉप डीची नंतर, म्हणजे ट्युनिंग एकदाच बदलायचं. कार्यक्रमभर गिटार सुरात राहिली. दिव्यांच्या उष्णतेनं तारा जराशा उतरल्या, ते त्यानं फाइन ट्यूनरवर दोन बोटांनी सावरून घेतलं. हेच ट्यूनर मधल्या धावेवर ठेवून सेटअप करावा लागतो. सुरुवातीलाच पार आवळून ठेवले तर ऐनवेळी वर चढवायला वाव राहत नाही.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि कोरडा असतो. त्या दिवसांत गिटार पत्र्याखाली किंवा गाडीत ठेवायची नाही, हे त्याच्या बँडमधल्या सगळ्यांनाच सांगितलं. पाऊस सुरू झाल्यावर नेकला थोडा पुढे बाक आला, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा फिरवून सरळ केला. तरंगत्या ब्रिजला अशा बदलानंतर सगळा तोल पुन्हा बघावा लागतो. पट्टीमुळे ते टळलं.

आता तो म्हणतो पट्टी काढून एकदा तरंगता फ्लॉइड वाजवून बघायचाय. बघावाच. पट्टी चिकटवलेली नाही, स्प्रिंग एक कमी करून पंजा सैल केला की दहा मिनिटांत निघते. फक्त मी एक अट घातलीय: ड्रॉप डीच्या गाण्यांसाठी आधी स्थिर ब्रिजची दुसरी गिटार, मग ही मोकळी. शिकवण्यांचे पैसे पुन्हा साठवायला त्यानं सुरुवात केली आहे, आणि जुनी स्ट्रॅट विकण्याऐवजी तिचाच ब्रिज लाकडानं पक्का करून ती ड्रॉप डीला लावता येईल का, हे आम्ही येत्या रविवारी बघणार आहोत.